मर्ल डॉकिन्सचे शनिवार

क्रॉयडन,
मार्च १९९४

प्रिय भाची मित्रा,

मर्ल गेली. हे नाव तू तुझ्या आईच्या तोंडून कधी ऐकलं असशील असं मला वाटत नाही, त्यामुळे असं एकदम लिहिलेलं तुला विचित्र वाटेल. पण नोव्हेंबरात ती गेल्यापासून मी कुणालाही पत्र लिहिलेलं नाही, आणि आज लिहायला बसले तर पहिले हेच दोन शब्द आले. ते खोडून 'तुम्ही सगळे खुशाल असाल' वगैरे लिहावं असं मनात आलं, पण हात वळला नाही. मर्ल डॉकिन्स ही जमैकाची नर्स. इथली माझी मैत्रीण म्हण, मोठी बहीण म्हण. इथले गोरे लोक कबरीवर मूठभर माती टाकतात आणि गाडीत जाऊन बसतात. जमैकन माणसं तसं करत नाहीत. पुरुषांनी कोट काढून ठेवले, एकेकाने फावडं घेतलं आणि पूर्ण खड्डा आपल्या हातांनी भरला. बायका तोवर गात उभ्या होत्या. थंडीने चिखल दगडासारखा घट्ट झाला होता, त्यामुळे फार वेळ लागला. तुझे काका पाठदुखी विसरून दोनदा फावडं हातात घ्यायला गेले. मला गाणी येत नव्हती. मी नुसती उभी होते.

तुला पहिल्यापासून सांगते, कारण नागपुरात माझ्याबद्दल 'यमुना लंडनला मोठी नर्स आहे' एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. मी एकोणसत्तर साली इथे आले. बाबांनी बर्डीच्या बाजारातून जाड कापड आणून कोट शिवून घेतला होता. ते म्हणायचे, विलायतेत कोणी आडनाव विचारत नाही. खरंच विचारत नव्हते. आडनावापर्यंत जायची गरजच पडत नव्हती, तोंड बघूनच काम भागायचं. आम्हाला ट्रेनिंगला घेतलं ते दोन वर्षांच्या कोर्सला. गोऱ्या मुली तीन वर्षांच्या कोर्सला होत्या. फरक काय, ते कोणी सांगितलं नाही. कोर्स संपल्यावर अंगावर हिरवा युनिफॉर्म आला तेव्हा कळलं की हिरव्या कपड्यातली नर्स वॉर्डची सिस्टर होऊ शकत नाही. ते सर्टिफिकेट घेऊन भारतात परतले असते तर तिथेही कोणी विचारलं नसतं. आमच्या वॉर्डात हिरव्यात कोण होतं सांगू? जमैका, बार्बाडोस, मॉरिशस, केरळ आणि मी. त्या दिवसांत आम्हा सगळ्यांना मिळून 'ब्लॅक' म्हणत. काही भारतीयांना त्याचा राग यायचा. मला नाही आला. आपल्याला कुठल्या रांगेत उभं केलंय, हे त्यात निदान स्पष्ट होतं.

मर्लही माझ्या आधी कधीतरी हिरव्या कपड्यांतच आली होती. पण ती गप्प बसली नाही. नोकरी करत करत तिने तीन वर्षांचा कोर्स पहिल्यापासून पुन्हा केला, मग सुईणीचा, मग हेल्थ व्हिजिटरचा. हेल्थ व्हिजिटर म्हणजे घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांना बघणारी नर्स. उंच, सावकाश चालणारी, आणि हसायची अगदी कमी. मला तिची सुरुवातीला भीतीच वाटायची.

माझी सीमा बहात्तरमध्ये झाली. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. वर्षाची व्हायच्या आत तिचे हातपाय सुजायला लागले, बोटं गाजरासारखी फुगायची आणि ती कळवळून रडायची. डॉक्टर म्हणाला, दात येताहेत. मग म्हणाला, वाढीच्या वयात हाडं दुखतात. मग म्हणाला, आईच घाबरट आहे. मी नर्स असून मलाही काही उलगडत नव्हतं. पण मला राहून राहून वसंताची आठवण यायची. वसंता म्हणजे तुझा मामा, जो तू बघितला नाहीस. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण बोललं की आजी जेवत नाही. त्याचेही पाय असेच दुखायचे. डोळे पिवळे व्हायचे. आजी त्याला कधी दवाखान्यात न्यायची, कधी उतारा टाकायची. नऊ-दहा वर्षांचा होऊन तो गेला. तुझी आई त्याचे पाय चेपत बसायची, ती स्वतः जेमतेम सात वर्षांची असेल.

एक्याऐंशी साली आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मर्लने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला. चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी बैठक, सिकलसेलविषयी माहिती, वेस्ट इंडियन आणि आफ्रिकन कुटुंबांनी यावं. खाली लक्षणं लिहिली होती. मी ट्रे हातात घेऊन वाचत राहिले. चहा गार झाला. त्या शनिवारी सीमाला घेऊन गेले. तिथे एक बाई प्रेमानेच म्हणाली, अगं हा आमचा आजार आहे, तुमच्यातला नाही. मी उठून निघाले होते. मर्ल दारात आली. तिने मला काही समजावलं नाही. सीमापुढे गुडघ्यावर बसली आणि तिला विचारलं, "बाळा, कुठे दुखतं?" नऊ वर्षांत सीमाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे मलाच विचारायचे. सीमाने खांदा दाखवला, गुडघे दाखवले, मग पाठ. मर्ल म्हणाली, सोमवारी मी सोबत येते, रक्त तपासून घेऊ. हॉस्पिटलने दोनदा टोलवलं, आशियाई मुलीला या तपासणीची गरज नाही म्हणून. मर्ल बाकावर बसून राहिली. सुई टोचून झाल्यावरच उठली.

सिकलसेल निघाला. मग माझं आणि तुझ्या काकांचं रक्त तपासलं. आम्ही दोघंही वाहक. तुला नीट सांगते, शाळेत मुलांना शिकवतेस तर तुला लगेच कळेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून त्या जीवघेण्या कळा. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन दोष मिळाले तरच आजार. एकच मिळाला तर माणूस ठणठणीत असतो, त्याला जन्मभर कळतही नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका. मर्लने हे मला कागदावर गोल काढून समजावलं आणि मी तिला वसंताबद्दल सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या आईला कधीच कोणी सांगितलं नाही." माझ्याही आईला, म्हणाली, माझ्या भावाला हाच आजार आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. मग तिने पुस्तकं उघडली आणि आम्हाला कळलं की विदर्भात, आपल्या समाजात, गोंडांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. इथल्या मराठी मंडळात मी एका डॉक्टरांच्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, तो तर निग्रो लोकांचा रोग!" आणि मग माझ्याकडे बघून थांबली. तिच्या मनात काय जुळलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या दिवाळीपासून मी मंडळात गेले नाही. तुझ्या काकांनीही मला बजावलं, नागपूरला कळवू नकोस, नंदाच्या मुलींचं, म्हणजे तुमचं, पुढे लग्नाचं अवघड होईल.

सीमा कशी होती ते तुला कसं सांगू? मराठी बोलायची पण लिंगाचा पत्ता नाही. "आई, माझा पाय दुखते," म्हणायची. काका हसले की म्हणायची, "दुखते ते दुखते, तो का ती, तुम्ही बघा." पोहायला फार आवडायचं, पण गार पाणी चालायचं नाही, म्हणून काठावर बसून मैत्रिणींचे सेकंद मोजायची. मर्ल त्या शनिवारच्या मुलांना शिकवायची की कळ आली की लाजायचं नाही. हॉस्पिटलात गेल्यावर ठामपणे सांगायचं, मला सिकलसेल आहे, मला हे औषध इतकं लागतं. सीमाला तिने ते पाठ करून घेतलं होतं. सीमा आरशापुढे उभी राहून मर्लची नक्कल करत ते म्हणायची, अगदी तोच जमैकन हेल काढून, आणि मर्लला ते माहीत होतं.

याच काळात मर्लने दुसरं भांडण सुरू केलं होतं. तान्हेपणी रोज पेनिसिलिन दिलं तर या मुलांचा जीव वाचतो, हे तोवर सिद्ध झालं होतं. पण कुठल्या बाळाला द्यायचं, हे जन्मतः कळायला हवं ना? मर्लचं म्हणणं, आपल्या भागातल्या प्रत्येक बाळाची तपासणी करा. आरोग्यखात्याच्या कमिटीचं म्हणणं, खर्च परवडत नाही, फार तर काळ्या आयांच्या बाळांची करू. मर्लने मला आणि सीमाला त्या कमिटीपुढे नेलं. म्हणाली, "ही मुलगी बघा. हिच्या आईचं तोंड बघून तुम्ही हिची तपासणी केली असती का?" एकाने घड्याळ बघितलं. निर्णय पुढच्या वर्षावर गेला, मग त्याच्या पुढच्या. बाहेर आल्यावर सीमा म्हणाली, मला त्यांनी कुत्र्यांच्या शोमध्ये आणल्यासारखं वाटलं. मर्लने तिची माफी मागितली. मोठ्या माणसाने इतकी सरळ माफी मागितलेली मी फार कमी बघितली आहे.

आता जे लिहायचं आहे ते मी आजपर्यंत मराठीत कुणालाच सांगितलेलं नाही. अठ्ठ्याऐंशीचा फेब्रुवारी. सीमा सोळा वर्षांची. शाळेतच कळ आली आणि शाळेने तिला अँब्युलन्सने जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ते माझं हॉस्पिटल नव्हतं, तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. सीमाने शिकवल्याप्रमाणे स्पष्ट सांगितलं, मला सिकलसेल आहे, कळेवर मला पेथिडिन लागतं, इतकं लागतं. एका सोळा वर्षांच्या काळ्यासावळ्या मुलीला नशेच्या औषधाचं नाव आणि डोस पाठ आहे, एवढंच त्यांना दिसलं. तिला खुर्चीवर बसवून ठेवलं. दोन गोळ्या दिल्या, साध्या डोकेदुखीच्या. मला निरोप मिळून मी पोचले तोवर दुपार संपत आली होती. ती ओरडत नव्हती. ओरडायचं बंद करून ती श्वास मोजत होती. मी युनिफॉर्ममध्ये होते, हिरव्या. तिथल्या सिस्टरने माझा युनिफॉर्म बघितला आणि म्हणाली, नातेवाइकांनी बाहेर थांबावं. कळ छातीत, फुप्फुसांपर्यंत पोचली होती तोवर. दुसऱ्या दिवशी ती गेली. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया लिहिलं. नागपूरला आम्ही तेच कळवलं आणि ते अगदी खोटं होतं असंही नाही.

मर्ल आली, माझ्याबरोबर तिने सीमाला आंघोळ घातली. नंतर महिनाभर रोज येऊन भात करून ठेवायची. तिला आपला भात जमत नव्हता, गिजगा व्हायचा, आम्ही तोच खायचो. तक्रार केली, चौकशी झाली, कुणाची चूक नाही असं उत्तर आलं. मी वाचून फाडून टाकलं. एक दिवस भांडी विसळता विसळता मर्ल एकदम थांबली, पाठमोरीच, आणि म्हणाली, "मी तिला स्पष्ट बोलायला शिकवलं, यमुना." एवढंच. खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, साबणाच्या पाण्यात नळ तसाच वाहत राहिला.

त्यानंतर तिने शनिवारचा धडा बदलला. म्हणाली, मुलांना पाठ करायला लावणं पुरे, आता हॉस्पिटलला पाठ करायला लावू. ज्या हॉस्पिटलात सीमा बसून होती, तिथेच तिने जायला सुरुवात केली. दर आठवड्याला. आधी तिला खोली दिली नाही तर व्हरांड्यात नर्सेसना गाठायची. हिरव्या कपड्यातल्या नर्सेस पहिल्यांदा आल्या, सगळ्या आपल्यासारख्या. त्या येत राहिल्या म्हणून हळूहळू निळ्यावाल्या, तीन वर्षांच्या कोर्सच्या, आल्या, शेवटी डॉक्टर आले. दोन वर्षं लागली, पण नियम बसला. सिकलसेलचं माणूस दारात आलं की अर्ध्या तासात कळ थांबवणारं औषध, प्रश्न नंतर. तान्ह्या बाळांची तपासणीही नव्वदमध्ये सुरू झाली, प्रत्येक बाळाची, रंग न बघता. त्या कमिटीतला घड्याळवाला तेव्हा म्हणाला, ही आमची जुनी इच्छा होती. मर्लने त्याच्याशी हात मिळवला. मी नसता मिळवला. मी वॉर्ड सोडून तिच्याबरोबर काम करायला लागले, घरोघरी जाऊन आईबापांना समजावायचं. गुजराती, सिंधी, नायजेरियन, सगळ्या घरांत. बहुतेक घरांत पहिल्यांदा दार लावून घेत.

हे सगळं चांगलंच झालं असं तुला वाटेल. झालंही. पण मग हॉस्पिटलांचा कारभार बदलला, शनिवारच्या बैठकीतून उभं राहिलेलं आमचं केंद्र नव्या ट्रस्टखाली गेलं आणि केंद्राला मॅनेजर नेमायचा ठरला. मर्लने अर्ज केला. तिने चर्चच्या हॉलमध्ये घरून नेलेल्या किटलीवर जे केंद्र उभं केलं, त्याची मॅनेजर व्हायला तिच्याकडे योग्य डिग्री नव्हती. एक तरुण आला, वागायला चांगला, त्याला सिकलसेल म्हणजे काय ते मर्लनेच शिकवलं. वर्षभरात त्याने शनिवार बंद केले. म्हणाला, सोमवार ते शुक्रवार पुरेसं आहे. कामावर जाणारी माणसं कशी येणार? येणं कमी झालं, आणि कमी झालं म्हणून आता केंद्राचाच फेरविचार चाललाय. मर्लला तेव्हाच कॅन्सर कळला होता. तिने मला उशिरा सांगितलं. शेवटच्या दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एकदा मी म्हटलं, तुमच्यामुळे कितीतरी मुलं जगली. ती म्हणाली, "हो. आणि पुढच्यांसाठी कोण भांडणार ते सांग." अंत्यविधीला एक लहान मुलगी लाल बूट घालून आली होती, त्या तपासणीत जन्मतः सापडलेली, रोज पेनिसिलिन घेणारी. चिखलात नाचत होती, तिची आई तिला ओढत होती. ट्रस्टमधून कोणी आलं नव्हतं. फुलं आली होती.

आता मी हे तुलाच का लिहिलं ते सांगते. तुझ्या आईचं पत्र जानेवारीत आलं. तुझं लग्न मे महिन्यात आहे, मुलगा भंडाऱ्याचा, आपल्यातलाच, इरिगेशनमध्ये नोकरीला, आणि तू फार खूश आहेस, असं तिने लिहिलंय. त्याच्या एका काकाचे पायही लहानपणी फार दुखायचे म्हणे, हेही तिनेच लिहिलंय. आणि मग खाली, वेगळ्या शाईने, की ताई, सीमाचं काय होतं ते मला कधीपासून कळलेलं आहे, पण लग्न होईपर्यंत कुणापाशी बोलू नकोस, मित्रापाशी तर नकोच. तिच्यावर रागावू नकोस. वसंताचे पाय तिने चेपलेत, तिला घाबरायचा हक्क आहे. मी महिनाभर तिला उत्तर लिहायचा प्रयत्न केला. पण मर्ल नवरा, सासू, पाद्री सगळ्यांना दाराबाहेर बसवायची आणि ज्याचं रक्त आहे त्याच्याशी आधी बोलायची. म्हणून पत्र तुला. मेडिकल कॉलेजात जाऊन रक्त तपासून घे, मुलालाही सांग. दोघांपैकी एकजण जरी मोकळा निघाला तरी मुलांना आजार होणार नाही. दोघंही वाहक निघालात तर काय करायचं ते मी सांगणार नाही, मर्लनेही सांगितलं नसतं, तो तुमचा दोघांचा विचार. मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तुझ्या काकांशी लग्न केलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर येत नाही. नसतं केलं म्हटलं तर सीमा जन्मलीच नसती, आणि तेवढं मला अजूनही म्हणवत नाही. पण मला विचार करायची संधी मिळाली नाही, मित्रा. तुला मिळू दे. आईने विचारलं तर लपवू नकोस, यमुनाने लिहिलं म्हणून सांग.

सगळ्यांना जयभीम.

तुझीच, आणि तुझ्या आईचीही,
यमुनामावशी